विणकाम, ड्रेस शिवणं आणि चालणं: तिन्हीपैकी दोन कायम बंद पडतात, तर काय काय तपासायचं

आमच्या घरात आणि ओळखीच्या बऱ्याच घरांत हा एकच बिघाड परत परत येतो आणि दरवेळी कोणीतरी फोन करून विचारतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. छंद साधारण तीन असतात. एक हातात धरून करायचं काम, म्हणजे क्रोशा, विणकाम, भरतकाम वगैरे, दुसरं मुलांचे आणि सोसायटीच्या कार्यक्रमांचे ड्रेस शिवणं, आणि तिसरं चालणं. तिन्ही आवडीचे, तिन्हींचं सामान घरात आहे, आणि तरी वर्षातला बराच काळ यातलं एकच चालू असतं. नोकरी करणाऱ्यांकडे हे होतं आणि रिटायर झालेल्यांकडेही होतं, त्यामुळे 'वेळच मिळत नाही' हे कारण मी सुरुवातीला बाजूला ठेवते आणि बाकीचं बघते.

आधी लक्षणं

मशीन डायनिंग टेबलवर मांडलेलं आहे आणि घरातले लोक आठवडाभर ताट हातात धरून सोफ्यावर जेवतायत. चालायचे बूट दाराशीच आहेत पण त्यावर धूळ बसलीये, आणि कोणी विचारलं की उत्तर तयार असतं, 'एवढं गॅदरिंग होऊ दे, मग सुरू करणारे'. क्रोशाची पिशवी उघडली तर आत तीन कामं अर्धवट, त्यातल्या एकाला सुईच नाही आणि ते कितव्या नंबरच्या सुईवर चालू होतं ते आठवत नाही, नवीन लोकर मात्र परवाच आणलीये. रात्री साडेअकराला काळ्या कापडावर काळा दोरा, ट्यूबलाइट पाठीमागे, उजवा खांदा भरून आलाय. चालायला गेलं तर डोक्यात बाहीचं माप आणि शिवायला बसलं तर आज पण चालणं झालं नाही ही टोचणी. आणि सगळ्यात खात्रीचं लक्षण म्हणजे कार्यक्रम छान झाला, फोटो आले, सगळ्यांनी कौतुक केलं, तरी पुढचे दोन-तीन दिवस कशालाच हात लावावासा वाटत नाही.

यातलं एखादं लक्षण असेल तर काही बिघडलेलं नाही. एखादा छंद महिनाभर बाजूला राहिला आणि त्याची आठवणसुद्धा आली नाही तर तो बाजूलाच राहू द्या, त्याला ओढून आणायची गरज नसते. पण चार-पाच लक्षणं एकत्र असतील आणि दरवर्षी त्याच सुमारास येत असतील तर खालचं सगळं क्रमाने करा. फुकटातलं आणि सोपं आधी घेतलंय, कारण बऱ्याच घरांत पहिल्या काही गोष्टींतच गाडी सुरू होते आणि लोक मात्र थेट महागडं नवीन मशीन घ्यायला किंवा जिमची वर्षाची फी भरायला धावतात.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि समोर ठेवा

हे फुकट आहे आणि याला पंधरा मिनिटं लागतात. शाळा जूनमधे सुरू होते, जरा कुठे घडी बसते तोवर आषाढी, म्हणजे शाळेची दिंडी, कोणाचा विठ्ठल, कोणाची रखुमाई, कोणी वारकरी. मग १५ ऑगस्टचं फॅन्सी ड्रेस, भारतमाता नाहीतर झाशीची राणी नाहीतर टिळक. त्याच सुमारास गोकुळाष्टमी, घरोघरी एक कृष्ण. गणपतीत सोसायटीचे नाच आणि नाटुकली. नवरात्रात घागरे आणि भोंडल्याच्या साड्या. दिवाळीची सुट्टी संपली की गॅदरिंगची पत्रकं घरी यायला लागतात, डिसेंबर-जानेवारी त्यात जातो, मधेच संक्रांत, काळे कपडे, लहान बाळ असेल तर बोरन्हाण आणि हलव्याचे दागिने. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, मावळे. आणि मग पाडव्याची शोभायात्रा, नऊवारी आणि फेटे. हे संपेपर्यंत एप्रिल येतो आणि तेव्हा सकाळी आठलाच ऊन चटका देतं, चालणार कधी.

हे असं ओळीने लिहून काढलं की 'हे झालं की सुरू करते' यातलं 'हे' वर्षभर संपतच नाही हे डोळ्याला दिसतं. ही तपासणी पहिली यासाठी आहे की मूळ बिघाड इथेच आहे. ड्रेसला तारीख असते आणि त्या तारखेला एक मूल स्टेजवर उभं राहणार असतं. विणकामाला तारीख नसते, चालण्याला तर नसतेच. तारीख असलेलं काम तारीख नसलेल्या कामाला नेहमी ढकलून देणार, त्यात कोणाच्या आळशीपणाचा संबंध नाही. त्यामुळे मोकळा महिना शोधणं बंद करायचं आणि ड्रेसचा सीझन चालू असतानाच बाकीची दोन जिवंत कशी राहतील ते बघायचं, पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

कॅलेंडरवर एकच खूण करा. प्रत्येक कार्यक्रमाच्या तारखेपासून पाच दिवस मागे या आणि तिथे 'ट्रायल' लिहा. तुमच्यासाठी काम त्या दिवशी संपलं. उरलेले पाच दिवस उसवायला, हुक हलवायला आणि मूल अचानक तापाने आजारी पडलं तर त्याच्यासाठी. शेवटच्या रात्रीचं जागरण जवळजवळ सगळं या एका खुणेने जातं, आणि जागरण गेलं की दुसऱ्या दिवशीची सकाळ वाचते, म्हणजे चालणं वाचतं.

अर्धवट कामं सगळी एका चादरीवर

एक दुपार द्या. पलंगावर जुनी चादर टाका आणि घरात जिथे जिथे अर्धवट काम आहे ते तिथे आणा, कपाटाच्या वरच्या खणातलं पण. मग तीनच ढीग: दुसऱ्या कोणासाठी कबूल केलेलं, स्वतःला खरंच पूर्ण व्हावंसं वाटतं ते, आणि ज्याच्याकडे बघून नुसतं जड वाटतं ते.

तिसरा ढीग उसवा. लोकरीचं काम उसवलं तर काही वाया जात नाही, फक्त दोरा कुरळा होतो. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करा, चार ठिकाणी सुटसुटीत बांधा, कोमट पाण्यात बुडवा, पिळू नका, हलक्या हाताने दाबून खाली थोडं वजन लटकवून सावलीत वाळत घाला, बऱ्यापैकी सरळ होते. ॲक्रिलिक असेल तर गरम इस्त्री लावू नका, वितळून त्याची जान जाते. उसवायचं जिवावर येत असेल तर शिकणाऱ्या कोणाला तरी तसंच देऊन टाका.

दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कामाला एक चिठ्ठी सेफ्टीपिनने लावा: सुईचा नंबर, कितवी ओळ झाली, पुढची ओळ काय आहे, आणि लोकरीच्या लेबलवरचा लॉट नंबर. लॉट नंबर यासाठी की त्याच कंपनीचा तोच रंग वेगळ्या लॉटमधे थोडा वेगळा येतो, दुकानात कळत नाही, स्वेटरच्या पाठीवर मधोमध पट्टा दिसतो तेव्हा कळतं. काम अडकतं ते बहुतेक वेळा अवघड आहे म्हणून नाहीच, परत हातात घेतल्यावर आपण कुठे होतो ते शोधायलाच अर्धा तास जातो म्हणून अडकतं. चिठ्ठी असेल तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतसुद्धा एक ओळ होते.

आणि एक नियम माझ्या ओळखीत सगळ्यांना लागू पडलाय. एका वेळी हातातली कामं दोनच ठेवायची, एक डोकं लागणारं आणि एक डोकं न लागणारं. नमुना मोजत करायची शाल घरी, शांत वेळेत. साधे ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे क्रोशाचे छोटे चौकोन, पिशवीत, मेट्रोत, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, पालकसभेच्या आधी. सीझनमधे फक्त दुसरं चालू ठेवायचं, पहिल्याला चिठ्ठी लावून बिनधास्त डब्यात ठेवायचं.

सुई, वरचा दोरा, आतली धूळ, दिवा

हे मला सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावं लागतं. 'शिवायला फार वेळ जातो' म्हणून ज्यांनी मला घरी बोलावलं त्यातल्या कित्येकांचं मशीनच त्रास देत होतं, टाके सुटायचे, दोरा तुटायचा, खाली गुंता व्हायचा, आणि एका घागऱ्याला तीन संध्याकाळी जायच्या. वेळेचं गणित मांडायच्या आधी हे बघा, यात खर्च जवळजवळ नाहीच.

पहिली सुई. ती मोडेपर्यंत चालवायची नसते. साधारण आठ तास शिवण झालं की टोक बोथट व्हायला लागतं, डोळ्याला दिसत नाही पण सॅटिनवर ओढल्यासारख्या रेघा दिसतात आणि टप-टप असा आवाज येतो. प्रत्येक मोठ्या ड्रेसला नवीन सुई लावा. सॅटिन, जॉर्जेटला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, जीन्स किंवा कॅनव्हासला १६, आणि नाचाच्या ड्रेसचं ताणणारं लायक्रा असेल तर बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई, साध्या सुईने त्यावर टाके सुटणारच, दोऱ्याच्या ताणाचं बटण, म्हणजे टेन्शन, कितीही फिरवा. नव्या घरगुती मशीनमधे सुईची चपटी बाजू मागे जाते, जुन्या काळ्या मशीनमधे ती कुठे जाते हे ज्या त्या मशीनवर ठरतं, तेव्हा आधीची सुई काढताना बघून ठेवा.

दुसरं, खाली गुंता झाला की सगळे बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळावर, संशय घेतात. बहुतेक वेळा गोंधळ वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या दाबलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही, मग वरून सैल दोरा भसाभस खाली जातो. पाय वर करा, सगळा दोरा काढून पुन्हा ओवा, मग बॉबिनकडे वळा.

तिसरं धूळ. प्लग काढा, सुईखालची पट्टी उघडा आणि दात्यांच्या मधे बघा. वेलवेट, फर आणि सुती अस्तर शिवलेल्या मशीनमधे तिथे राखाडी रंगाची नमद्यासारखी घट्ट गादी जमलेली असते, चिमट्याने उचलली की अख्खी निघते. ती असली की दाते कापड नीट पुढे ढकलत नाहीत, टाके बारीक-मोठे येतात आणि आपण हाताने कापड ओढायला लागतो, तिथून सुई वाकते. ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकर मारू नका, धूळ आणखी आत जाते आणि वाफ पण. मशीनचं तेल फक्त पुस्तकात दाखवलेल्या जागी एक-दोन थेंब, खोबरेल अजिबात नाही, ते थंडीत गोठतं.

चौथं उजेड. छताचा दिवा पाठीमागे असेल तर तुमच्याच डोक्याची सावली कामावर पडते. डाव्या बाजूला वाकवता येणारा एक पांढऱ्या उजेडाचा टेबल लॅम्प ठेवा. काळ्यावर काळं शक्यतो दिवसाच करा. चाळिशीनंतर जवळचं धूसर होणं नॉर्मल आहे, तेव्हा सुईत दोरा ओवायला दोनदा-तीनदा लागत असेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या, त्यातही मान आणि खांदा वाचतो, कारण नीट दिसत नाही म्हणून आपण पुढे वाकतो.

मांडामांड आणि आवराआवर

इथे थोडे पैसे लागू शकतात. घड्याळ लावून एकदा बघा की शिवायचं ठरवल्यापासून पहिला टाका पडेपर्यंत किती वेळ जातो. मशीन उचला, एक्स्टेंशन शोधा, कात्री कोणी घेतली ते विचारा, माप लिहिलेला कागद शोधा. वीस मिनिटं सहज. परत आवरायला पंधरा. मग अर्धा तास मोकळा असला तरी माणूस सुरूच करत नाही, आणि रविवार अख्खा लागतो, आणि रविवार गेला की तंगडतोड करायचा दिवस पण गेला.

यावर उपाय दोन. मशीनला कायमची जागा हवी, खिडकीशी एक फोल्डिंग टेबल पुरतं, खोली लागत नाही. जागा खरोखर नसेल तर निदान सामान एकत्र हवं: एका ड्रेसची एक पिशवी, त्यात कापलेले तुकडे, अस्तर, त्याच रंगाचा दोरा, भरलेली बॉबिन, हुक, चेन, आणि मापाची चिठ्ठी. घरातली शिवणाची कात्री वेगळी आणि तिला लाल रिबीन, कागद कापायला ती कोणी घ्यायची नाही हे सगळ्यांना सांगून टाका.

आणि कामाचे तुकडे करा. एका संध्याकाळी फक्त कापणं, जमिनीवर. दुसऱ्या दिवशी फक्त मशीन. हेम आणि हुक टीव्हीसमोर हाताने. सगळं एका बैठकीत करायला गेलं की कंबर पण जाते आणि शेवटचं काम घाईत होतं.

चालणं लहान करा पण बंद करू नका

लोकांच्या डोक्यात दहा हजार पावलं पक्की बसलीयत. हा आकडा १९६५ साली जपानमधे विकायला आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आलाय, त्या यंत्राचं नावच दहा हजार पावलांवरून होतं. वाईट आकडा नाही, पण तो झाला नाही तर चालणं फुकट गेलं असं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल असं आहे, आणि त्यात त्यांनी सलग दहा मिनिटं तरी पाहिजेत ही जुनी अट काढून टाकलीये. सीझनमधे चालणाऱ्यांसाठी ही फार कामाची गोष्ट आहे, कारण पाच-सात मिनिटांचे तुकडे पण धरले जातात.

म्हणून दोन मापं ठेवा. मोकळ्या दिवसांचं माप वेगळं, पुण्यातली तळजाई किंवा हनुमान टेकडी, मनसोक्त. सीझनचं माप पंधरा मिनिटं, घराच्या आसपास, भरभर, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात. आणि हे पंधरा मिनिटं मशीनच्या आधी. 'शिवून झाल्यावर जाईन' हे कधीच होत नाही कारण शिवणाला शेवट नसतो, अजून एक शिलाई असतेच. चालणं आधी ठेवल्याने खांदे पण मोकळे होतात आणि नंतरची बैठक सोपी जाते.

सामान आणायला जाणं हे पण चालणंच. रविवार पेठेत, बोहरी आळीत अस्तर, लेस, टिकल्या आणायला गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यातच जीव जातो, त्यापेक्षा लांब लावून किंवा बसने जाऊन लक्ष्मी रोड, तुळशीबाग, बोहरी आळी पायी फिरा. मुंबईत दादर किंवा भुलेश्वरला तेच. फक्त यादी आधी करा नाहीतर एका बटणासाठी परत जावं लागतं.

पावसाळ्यात टेकडीच्या मातीवर शेवाळ येतं आणि उतरताना पाय सटकतो, तेव्हा डांबरी रस्ता किंवा जिना बरा. बुटाचा तळ उलटा करून बघा, टाचेला एका बाजूने झिजलाय का, वरून नवा दिसतो पण आतला फोम दबलेला असतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलायचा असतो. ज्यांना आषाढीला पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायचंय, दिवे घाट चढायचाय, त्यांनी तर ही तपासणी दोन महिने आधी करावी आणि नवे बूट घरातच आठ-पंधरा दिवस वापरून मग रस्त्यावर काढावेत. तो टप्पा तीसेक किलोमीटरचा आहे, नव्या बुटात फोड आले तर घाटात कोणी उचलून नेत नाही.

कोणासाठी शिवताय ते मोजा

इथून पुढे पैसे लागत नाहीत पण अवघड जातं. 'ताई, तुम्हाला काय, तासाभराचं काम' असं म्हणत येणारे ड्रेस वेगळे लिहून काढा. स्वतःच्या मुलांचे किती, भाचरांचे किती, शेजारचे किती. बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त दुसऱ्यांचे निघतात आणि तिथेच चालणं गेलेलं असतं. आवडतं म्हणून करणं आणि नाही म्हणता येत नाही म्हणून करणं यात शरीराला येणारा थकवा वेगळा असतो, दुसरा लवकर जात नाही.

सांगायचं सोपं वाक्य असं, 'या महिन्यात मी दोनच घेतलेत, हा मला जमणार नाही, पण कापड कुठलं घ्यायचं आणि कुठे भाड्याने मिळेल ते सांगते'. मदत होते आणि काम अंगावर येत नाही. घेणार असाल तर मापं आणि कापड एकदम, तीन आठवडे आधी, नंतर आलं तर नाही. हे एकदा ग्रुपवर सगळ्यांना सांगून टाका म्हणजे प्रत्येकाला वेगळं तोंड द्यावं लागत नाही.

आणि सगळं शिवावंच लागतं असंही नाही. विठ्ठलाला पिवळा उपरणं-पंचा नेसवून वर सेफ्टीपिना मारल्या की झालं, मुकुट कार्डबोर्डचा. मावळ्याचा अंगरखा भाड्याने सहज मिळतो. शिवायची तर लहान मुलीची नऊवारी शिवा, ती खरंच सुंदर होते आणि वर्षभर वापरली जाते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, पाच वर्षांच्या मुलीला एवढं लागतच नाही, आईच्या जुन्या सहावारीत आरामात होते आणि काठ पण पायघोळ दिसतात. कंबरेला नाडीबरोबर रुंद इलॅस्टिक घाला, काष्टा मागे वेल्क्रोने लावा, शिवून बंद करू नका. ट्रायलच्या दिवशी तिला नुसतं उभं करून बघू नका, मांडी घालून बसवा, जिना चढायला लावा, आणि बाथरूमला जायचं नाटक करून घ्या. वेल्क्रो दोन सेकंदात सुटला पाहिजे. स्टेजमागे रांगेत उभ्या असलेल्या पोरीला नेमकी तेव्हाच शू लागते आणि तिथे आई नसते, बाई असतात आणि त्यांच्याकडे चाळीस मुलं असतात.

घरातली वाटणी

वरचं सगळं करून पण फरक पडला नाही तर अडचण छंदांच्या बाहेर आहे. बाईचा छंद घरात सगळ्यांचं सगळं झाल्यावर उरलेल्या वेळात बसवायचा अशी सवय आपल्याकडे इतकी मुरलीये की तिचं कोणाला काही वाटतही नाही, बऱ्याचदा तिला स्वतःलाही नाही. उरलेला वेळ हा रात्रीचाच असतो आणि रात्री चालता येत नाही, डोळे दमलेले असतात आणि मशीनच्या आवाजाने शेजारी उठतात.

हे रागाच्या भरात बोलू नका, सीझनच्या आधी शांतपणे बोला आणि नेमकं मागा. 'मला मदत करा' याने काही होत नाही. 'मंगळवार आणि शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक तुम्ही दोघं बघा' याने होतं. सासूबाई असतील तर त्यांना काजं, हुक, मोती ओवणं यात घ्या, कितीतरी जणींचा हात आपल्यापेक्षा साफ असतो आणि त्यांनाही कोणीतरी बोलावलेलं हवं असतं. नवरा, मुलगा यांना कापायला, इस्त्रीला, सामान आणायला घ्या. आणि सकाळची ती पंधरा मिनिटं कोणी दूध, डबा, चहा यासाठी हाक मारायची नाही हे स्पष्ट सांगा. पुरुषांनाही हेच लागू आहे, ज्यांना विणकाम किंवा मॉडेल बनवणं आवडतं त्यांनीही वेळ मागून घ्यावा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मशीनचं: सुई बदलली, दोरा पुन्हा ओवला, धूळ काढली तरी टाके सुटतायत, किंवा सुई खाली धातूला लागून मोडतेय, तर बहुतेक शटलचं टायमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या फिरत्या भागाचा मेळ, गेलंय, ते घरी उघडू नका, मेकॅनिक लागतो. मोटरला जळका वास आला किंवा पेडलमधून करंट लागल्यासारखं झालं तर लगेच प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका.

शिवणाचं: लग्नातला ब्लाउज, वेलवेटचा कोट, बाही-मुंढ्याचं अवघड काम, आणि हातात चार दिवसांपेक्षा कमी वेळ, तर टेलरकडे द्या.

शरीराचं: अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखतंय आणि काही उचलताना कळ येते, किंवा अंगठा, पहिली दोन बोटं यांना मुंग्या येतात आणि रात्री हात झटकत उठावं लागतं, तर सुई-क्रोशा खाली ठेवा. मलम लावून काम चालू ठेवलं तर नस दबलेली राहते आणि बोटांची पकड कमी होते. दोन आठवडे विश्रांती देऊन फरक नाही तर हाडांचे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, आणि बधीरपणा सतत असेल तर दोन आठवडे पण थांबू नका. खांदा वर जातच नाही, ब्लाउजचा मागचा हुक लावता येत नाही, तेही दाखवा, डायबेटिस असणाऱ्यांनी तर लवकर. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाच चमकते आणि महिनाभर तसंच आहे तर टेकडी बंद, आधी तपासणी. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, घाम, धाप असं झालं तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा, घरी पोचून बघू असं करू नका.

मनाचं: हे शेवटी लिहिलंय कारण ओळखायला सगळ्यात अवघड आहे. कार्यक्रमानंतर दोन-तीन दिवस थकवा येतो आणि जातो. पण दोन आठवडे झाले, आवडती लोकर हातात घ्यावीशी वाटत नाही, चालावंसं वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडलीये, कोणाशी बोलू नये असं वाटतंय, तर हा छंदांच्या तोलाचा प्रश्न राहिलेला नाही आणि माझ्या यादीतलं काहीही त्याला पुरणार नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेली मानस सेवेला १४४१६ वर फोन करा, चोवीस तास चालू असतं, फुकट आहे आणि भाषा निवडून मराठीत बोलता येतं. एकटीने फोन करायचं जड जात असेल तर घरातल्या किंवा मैत्रिणीतल्या एकीला शेजारी बसवून करा.